लेकीचे सात कॅमेरे आणि गटाचं कर्ज

शेळी, शिवणयंत्र, पिठाची गिरणी, मसाल्याचं कांडप, यांच्यासाठी गटातून कर्ज कसं घ्यावं यावर आपण इथं पुष्कळदा बोललोय. आज कॅमेऱ्यासाठी मागितलेल्या कर्जाची गोष्ट सांगते. आमच्या भागातल्या एका गटात ही मागणी आली आणि एका बैठकीत मिटली नाही, दोन बैठका लागल्या. ज्या ताईंची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतेय. नाव मात्र सांगणार नाही.

या ताईंची लेक पुण्याला एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. लग्नाचे, बारशाचे फोटो काढायला जाते. महिना सोळा हजार पगार. स्टुडिओचा कॅमेरा डिजिटल आणि तो मालकाचा. पोरीचा स्वतःचा जीव मात्र रोलच्या जुन्या कॅमेऱ्यात अडकलाय. दोन वर्षांत तिनं असे सात कॅमेरे जमवले. काही जुन्या बाजारातून, काही फोनवर फोटो बघून. कुठला दीड हजाराला, कुठला आठ हजाराला. आणि मग एक दिवस आईला म्हणाली, "आई, मला एकच चांगला कॅमेरा घ्यायचाय, पंचेचाळीस हजाराचा. तुझ्या गटातून तीस हजार मिळतील का?"

ताईंनी बैठकीत विषय मांडला. पहिलं वाक्य कुणाचं आलं असेल? "अगं, सात हायेत की घरात! आठवा कशाला?" दुसरी म्हणाली, "तेवढ्यात लेकीला गंठण झालं असतं." तिसरीनं विचारलं, "लग्नात ते डबडं काय उपयोगाचं?" सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत.

इथं मला बोलावं लागलं. मी म्हटलं, गेल्या वर्षी आपण याच सतरंजीवर बसून तीन लग्नकर्जं दिली. मांडव, बँड, आचारी. एकीलाही विचारलं नाही की बँड वाजून गेल्यावर त्यातून काय उरणार. पोरगी हत्यार मागते तेव्हा मात्र आपल्याला दहा प्रश्न सुचतात. प्रश्न जरूर विचारायचे. पण तिलाच विचारूया, तिच्या माघारी नको. म्हणून ठरलं की पुढच्या बैठकीला लेकीनं सुट्टी काढून यायचं आणि सगळे कॅमेरे घेऊन यायचं.

ती आली. पिशवीतून एकेक काढून तिनं सतरंजीवर मांडला. खरं सांगते, त्या दिवशी हप्त्याची वही उघडायला अर्धा तास उशीर झाला. नियमित बैठक हे आपल्या दशसूत्रीतलं पहिलं सूत्र, पण बाया कॅमेरे हातातून सोडेनात.

पहिला होता आग्फा क्लिक थ्री. साठीच्या पुढच्या दोघींनी तो लगेच ओळखला. "हा आमच्या मास्तरांकडं होता!" काळा, पेटीसारखा, हलका. आग्फाचे हे कॅमेरे आपल्याच देशात, बडोद्याला बनायचे. त्यात रुंद रोल बसतो आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बारा संपले की संपलं. म्हणून तर आपल्या आजी-आजोबांचे फोटो इतके ताठ दिसतात. एक फोटो वाया गेला तर घरातलं माणूस रागवायचं. दुसरा होता त्याचाच भाऊ, आग्फा आयसोली. तिसरा याशिका एमएफ-टू, नव्वदच्या सुमारास आपल्याकडं ज्याच्या त्याच्या गळ्यात दिसायचा तो. चौथा घडीचा, भात्याचा. लोहाराच्या भात्यासारखी चामड्याची घडी उघडते आणि भिंग पुढं येतं. पाचवा याशिका इलेक्ट्रो. सहावा रशियाचा झोर्की. आणि सातवा सोन्यासारखा चकचकीत, त्याच्यावर जर्मनीच्या लायका कंपनीचं नाव.

आता हे शेवटचे तिन्ही एका जातीचे. त्यांना रेंजफाइंडर म्हणतात. पोरीला जो नवा घ्यायचा होता तोही याच जातीचा. रेंजफाइंडर म्हणजे काय ते तिनं छान सांगितलं. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून बघा, हात हुकतो. दोन्ही डोळे उघडे असले की लांबी नेमकी कळते, कारण दोन डोळे एकच वस्तू थोड्या वेगळ्या कोनातून बघतात. या कॅमेऱ्याला तशाच दोन खिडक्या असतात. त्यातून बघितलं की समोरच्या माणसाच्या मधोमध त्याचीच दुसरी, फिकट सावली दिसते. भिंगाची कडी फिरवत जायची. दोन्ही आकृत्या एकमेकीवर अचूक बसल्या की अंतर जुळलं. मोठ्या कॅमेऱ्यात फोटो घेताना आतला आरसा खट्‌कन उडतो, तसा आरसा यात नसतो. म्हणून आवाज अगदी कमी. सप्तपदी चालू असताना, मुलगी सासरी निघताना, फोटो काढला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. गटातल्या प्रत्येकीनं त्या खिडकीतून समोरच्या विजेच्या खांबाकडं बघून दोन खांबांचा एक करून पाहिला. एका आजींना तो जमेना. मग कळलं की त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढलाय आणि त्यांनी तो घरात कुणाला सांगितलाच नव्हता. तो विषय आरोग्य शिबिराकडं वळवला, पण ते असो.

मग मी वही उघडली आणि पोरीला म्हटलं, एकेकाची किंमत सांग. तिनं सांगितली, मी लिहिली. क्लिक १,५००, आयसोली १,५००, एमएफ-टू २,०००, भात्याचा ४,०००, इलेक्ट्रो ९,५००, झोर्की ८,०००, सोनेरी १२,०००. एकूण ३८,५०० रुपये. बेरीज तिनं स्वतः कधी केली नव्हती. ऐकून तीच गप्प झाली. थोडं थोडं जातं तेव्हा ते जाणवत नाही, हे आपल्याला फेरीवाल्याकडच्या भांड्यांवरून माहीत आहेच.

पुढचा प्रश्न, चालू किती? दोन. क्लिक आणि एमएफ-टू. म्हणजे स्वस्तातलेच दोन.

बाकीच्यांचं काय झालं ते नीट ऐका, कारण जुनी कुठलीही यंत्रवस्तू घेताना हेच होतं. भात्याच्या कॅमेऱ्याच्या चामड्याच्या घड्यांना कोपऱ्यात बारीक भोकं पडलेली, तिथून उजेड आत येतो आणि फोटोवर पांढरे डाग. आयसोलीच्या भिंगात बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. याशिका इलेक्ट्रो पहिल्यांदा १९६६ साली आला. तो ज्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा तो सेल आता बनतच नाही. वेगळी जोडणी करून दुसरे सेल घालावे लागतात. तिनं तेही करून पाहिलं, पण जुन्या सेलच्या गळतीनं आतली तार खाल्ली होती. झोर्कीची गंमत वेगळी. त्यात आधी चावी ओढायची आणि मगच वेगाची चकती फिरवायची, असा नियम. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडते. आधीच्या कुणीतरी उलटं केलेलं. भिंग मात्र त्याचं उत्तम होतं, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आणि सोनेरी लायका? तो लायका नव्हताच. लायकाचा पहिला कॅमेरा १९२५ साली जर्मनीत बाजारात आला आणि जगभर त्याची नक्कल झाली. सोव्हिएत देशातली नक्कल होती फेड. पुढं लोकांनी जुने फेड आणि झोर्की घेऊन, त्यांना सोनेरी मुलामा देऊन, लायकाचं नाव कोरून विकायला सुरुवात केली. ओळखायची एक खूण तिनं दाखवली. भिंग काढून आत बघायचं. खऱ्या लायकात भिंगाला टेकणारं बारीक गोल चाक असतं, फेडमध्ये तिथं चपटी पट्टी. हिच्या कॅमेऱ्यात पट्टी होती. विकणाऱ्यानं फोनवर भिंग काढून दाखवलं नव्हतं. आपल्याकडं बेन्टेक्सच्या बांगड्या बेन्टेक्स म्हणून विकतात, त्याला कुणाची हरकत नाही. सोनं म्हणून विकल्या तर ती फसवणूक.

पण या फेडची जी कथा तिनं सांगितली ती ऐकून बाया अगदी शांत झाल्या. युक्रेनमधल्या खारकिव्ह शहरात अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी एक वसाहत होती. आन्तोन माकारेन्को नावाचे शिक्षक ती चालवायचे. मुलं शिकायची आणि कारखान्यात कामही करायची. आधी भोकं पाडायची विजेची यंत्रं बनवली आणि १९३४ पासून कॅमेरे. ज्यांना घर नव्हतं अशा पोरांनी जगातल्या सगळ्यात नाजूक कॅमेऱ्याची नक्कल हातानं करून दाखवली. एक ताई म्हणाल्या, "मग याला खोटा तरी कसं म्हणायचं?" मला ते पटलं. वर कोरलेलं नाव खोटं, खालचं काम खरं.

जमवण्याचा छंद वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मुंबईचे दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जुने कॅमेरे जमवले, त्यांच्याकडच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनेसच्या जागतिक विक्रमांत झाली. असा माणूस असतो म्हणून जुनी वस्तू भंगारात न जाता पुढच्यांना बघायला मिळते. पण त्याला जागा लागते, पैसा लागतो, आणि जमवणं हेच काम आहे हे आधी ठरवावं लागतं. दुसऱ्या बाजूला होमाई व्यारावाला. १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. आपल्या देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. पुढं दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरे घेऊन, सायकलवरून कामाला जायच्या. गांधीजींची अंत्ययात्रा, माउंटबॅटन यांचा निरोप, सगळं त्यांनी टिपलं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्याकडं होते ते कॅमेरे वापरायचे होते. हात बसला होता, अंधारातही बटण सापडायचं.

पोरीला मी हेच विचारलं. तुला पारेखांसारखं व्हायचंय की होमाईबाईंसारखं? दोन्ही चांगलं, पण सोळा हजार पगारात दोन्ही एकदम होणार नाही. ती म्हणाली, "मला फोटो काढायचेत, ताई. दुरुस्तीवाल्याच्या दारात बसून कंटाळा आलाय."

मग नव्याचा विचार सुरू झाला. लायका कंपनी अजूनही रोलचे रेंजफाइंडर बनवते. त्यांचा एम-सिक्स नावाचा जुना कॅमेरा २०२२ साली त्यांनी पुन्हा काढला. पण किंमत लाखांत. त्या पैशात आपल्याकडं दोन जातिवंत म्हशी आणि वर गोठा होतो, म्हणून तो विषय तिथंच संपला. पोरीनं निवडला होता बेसा. नाव युरोपातल्या जुन्या फोक्टलेंडर कंपनीचं, बनवणारी जपानची कोसिना. २००० सालापासून २०१५ पर्यंत या बेसाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. म्हणजे तोही वापरलेलाच मिळणार, पण साठ वर्षांचा म्हातारा नाही. उजेड मोजायचं यंत्र आतच आहे, सेल साधे बटणाचे, घड्याळाच्या दुकानात मिळणारे. सेल संपला तरी फोटो निघतो, फक्त उजेडाचा अंदाज आपला आपण करायचा. आणि तिनं निवडलेल्या आवृत्तीला जुन्या आट्याचं भिंग बसतं. म्हणजे त्या बिघडलेल्या झोर्कीचं भिंग काढून यावर लावता येतं! भिंगाचे वेगळे पैसे वाचले. हे ऐकल्यावर मघाशी गंठण म्हणणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हां, जुन्या खाटेचे पाय नव्या खाटेला. हे बरं."

पण कर्ज म्हटलं की कमाईचा प्रश्न येतो. रोलचा कॅमेरा खायला मागतो. छत्तीस फोटोंचा रंगीत रोल, त्याची धुलाई, मग तो संगणकावर चढवणं, सगळं धरून एका फोटोला तीस-चाळीस रुपये पडतात. मोबाईलचा फोटो फुकट. मग गिऱ्हाईक कोण? ती म्हणाली, काही जोडपी हौसेनं एक रोल जादा मागतात, त्याचे अडीच हजार वेगळे देतात. मित्राचा कॅमेरा घेऊन या हंगामात तिनं अशी तीन कामं केली होती. एकजण लगेच म्हणाली, मग धंदा आहे की. मी अडवलं. तीन कामं म्हणजे धंदा नव्हे, तीन कामं म्हणजे तीन कामं. हप्ता त्यावर बेतायचा नाही. हप्ता पगारावर बेतायचा, आणि वरचं आलं तर रोलला जाईल. कुणाच्याही कर्जाला मी हेच सांगते. पापडाची पहिली ऑर्डर आली म्हणून लगेच यंत्र घ्यायचं नसतं.

शेवटी असं ठरलं. पाच कॅमेरे विकायचे. झोर्की भिंगासाठी ठेवायचा आणि क्लिक ठेवायचा, कारण तो चालतो आणि रोलमागं बाराच फोटो म्हणून हात जपून चालतो. सोनेरी विकताना तो फेड आहे हे सांगूनच विकायचा, ही अट गटानं घातली. मला फार बरं वाटलं त्या अटीचं. विकून किती आले? इलेक्ट्रोचे ६,५००, सोनेरीचे ६,०००, भात्याचे २,०००, एमएफ-टूचे १,५००, आयसोलीचे १,०००. एकूण १७,०००. ते पाच तिनं घेतले होते २९,००० ला. म्हणजे बारा हजार गेले. "जुन्या कॅमेऱ्याचा भाव वाढतच जातो" असं तिला सांगणारे पुष्कळ होते. दुर्मीळ आणि चालू वस्तूचा वाढतोही. बंद पडलेल्याचा कसा वाढेल?

तिची स्वतःची शिल्लक १३,०००. राहिले पंधरा हजार, तेवढं कर्ज गटानं आईच्या नावे दिलं. शेकडा एक रुपया महिना, घटत्या मुदलावर. महिन्याला दीड हजार मुद्दल, दहा हप्ते, सगळं मिळून व्याज ८२५ रुपये. मागितले होते तीस, लागले पंधरा. हप्ता लेकीनं दर पाच तारखेला आईच्या खात्यावर टाकायचा. हे बोलताना सहा हप्ते आलेत, त्यातला एक चार दिवस उशिरा.

आता तुमच्यापैकी कुणाच्या घरी कुणी जुना कॅमेरा घेणार असेल तर काय बघायचं ते सांगते. मागचं झाकण उघडून उजेडाकडं धरा, बटण दाबा, पडदा सरळ उघडतो का बघा. सगळ्यात मंद वेगावर दाबून बघा, अडकतो तो तिथंच अडकतो. सेलच्या खणात हिरवी-पांढरी बुरी असेल तर सोडून द्या. भिंगात आरपार मोबाईलची बॅटरी मारा, जाळं दिसलं तर बुरशी. झाकणाच्या कडेचा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागणार. रेंजफाइंडर असेल तर लांबच्या डोंगरावरचं झाड बघा, कडी शेवटपर्यंत फिरवल्यावर दोन झाडांचं एक व्हायला हवं. आणि घरी आणल्यावर त्याच्या चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी तिथंच धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा. मधूनमधून ऊन दाखवा, वापरत राहा.

आणखी एक. हल्ली गावोगाव जुन्या वस्तू घेणारे फिरतात. तांब्याचा हंडा, घंटा, जुना रेडिओ, कॅमेरा. माळ्यावरचा कॅमेरा विकायचा तर विका, तुमची वस्तू आहे. दोन ठिकाणी भाव विचारा म्हणजे झालं. पण त्याच डब्यात काळ्या पट्ट्या असतील, निगेटिव्ह, त्या देऊ नका. भंगारवाले जुन्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह मागतात, कारण त्यात थोडी चांदी असते. त्यांना चांदी दिसते. तुमच्या सासूबाईंचा लग्नातला चेहरा त्यांना दिसत नाही. तो बघायला स्टुडिओ लागत नाही. एका मोबाईलवर पांढरा कोरा पडदा उजेड वाढवून लावा, त्यापासून बोटभर उंचीवर काच ठेवून तिच्यावर पट्टी ठेवा, कडेला धरा, मधे बोट लावू नका. दुसऱ्या मोबाईलनं वरून फोटो घ्या आणि फोटो सुधारायच्या ॲपमध्ये रंग उलटे करा. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं होतं आणि माणसं दिसायला लागतात.

ज्या गटाची ही गोष्ट सांगितली, तिथं पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या पट्ट्या घेऊन यायचं ठरलंय. लेकही येणार आहे, नवा कॅमेरा घेऊन. मोतीबिंदूच्या आजींचं तोवर ऑपरेशन झालेलं असेल. त्यांनी सांगून ठेवलंय, पहिली पट्टी माझी.